दात बघून घेतलेली गाडी

येताना गाडीतून यायचं म्हणून जाताना आम्ही एसटीनं गेलो होतो. कोल्हापूर ते रत्नागिरी, सोबत आमचे फिटर मामा. गाडी म्हणजे 2011 ची लाल ऑल्टो, मागणी 65 हजार. पॉलिश असं मारलेलं की बॉनेटमध्ये माडाची झावळं दिसत होती. पहिल्याच सेल्फला इंजिन सुरू झालं. धूर नाही, आवाज नाही. माझा हात विसाराच्या पाकिटाकडे गेलासुद्धा. मामांनी मात्र बॉनेटकडे ढुंकूनही पाहिलं नाही. त्यांनी ड्रायव्हरच्या पायाखालचं मॅटिंग उचललं, कोपऱ्यातल्या तपकिरी पापुद्र्यावर स्क्रूड्रायव्हर टेकवला आणि जरासा दाबला. टोक आरपार गेलं. ते बाहेर काढल्यावर त्या भोकातून खालची जांभ्याची लाल माती दिसली.

“खाऱ्या हवेत एवढं चालायचंच,” मालक म्हणाले. त्यात खोटं काही नव्हतं. मामांनी मॅटिंग होतं तसं बसवलं, हात पुसले आणि मला बाजूला घेतलं. “सर, इंजिन काय, उद्यमनगरात कवाबी बांधून मिळतंय. पत्रा कुठनं आणायचा?”

येतानाही एसटीनंच आलो.

आंबा घाट चढेपर्यंत मी त्यांच्यावर जरा नाराज होतो. एवढं भोक म्हणजे काय, तिथं पत्र्याचा तुकडा वेल्डिंग करून बसवला असता की! पण ते बरोबर होते. कोल्हापूर ऑइल इंजिनांच्या धंद्यावर वाढलेलं गाव. बोअर मारणारा, क्रँक ग्राइंड करणारा, हेड घासून देणारा अशी सगळी माणसं आमच्या उद्यमनगरात हाकेच्या अंतरावर सापडतात. गंजानं खाल्लेला सांगाडा मात्र कुणी परत बांधून देत नाही. आज जमिनीला ठिगळ लावाल, तर उद्या गंज सस्पेन्शन जिथं धरलंय तिथं निघेल.

गाडी हवी होती ती आईसाठी. तिचे गुडघे गेल्यापासून ती स्कूटरवर बसू शकत नाही. महिन्यातून दोनदा दवाखाना आणि रविवारी गाव, बाकी दिवस गाडी झाकूनच राहणार. वर्षाला चार-पाच हजार किलोमीटरच्या वर धावणार नाही. एवढ्यासाठी पाच वर्षं नव्या गाडीचे हप्ते भरायला मन घेईना. ज्याला रोज सकाळी सात वाजता एमआयडीसीत हजर व्हायचंय, त्यानं मात्र असल्या जुन्या, दुरुस्तीला आलेल्या गाडीच्या वाटेला जाऊ नये. बिघाडाची गाडी त्यालाच परवडते, ज्याचं ती बंद पडल्यावर अडत नाही.

आमचे आजोबा बैल घ्यायचे ते दात बघून. दोन दाती, चार दाती, सहा दाती, जुळलेला. विकणारा काहीही सांगो, जबडा उघडला की वय कळायचं. भाव रुमालाखाली बोटं दाबून ठरायचा, पण दात उघड्यावर बघायचे. गाडीचे दात टायरवर असतात. कडेला चार आकडे कोरलेले असतात, पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. 1812 असेल तर 2012 सालचा अठरावा आठवडा. चालती चाकं बदलली जातात, पण डिकीतल्या स्टेपनीकडे कुणाचं लक्ष नसतं. कोल्हापुरातच एका दलालाकडे पाहिलेल्या गाडीचा मीटर 41 हजार दाखवत होता आणि क्लचच्या पेडलवरचं रबर देवळाच्या पायरीसारखं गुळगुळीत झालं होतं. मीटर मागे फिरवणाऱ्याला 60 रुपयांचं रबर बदलायची बुद्धी झाली नाही, हे आपलं नशीब.

शेवटी गाडी मिळाली गडहिंग्लजला, एका निवृत्त पोस्टमास्तरांकडे. 2012 ची ऑल्टोच, पांढरी. फोनवरच त्यांनी सांगून टाकलं, “ऑइल खाते हो. महिन्याला लिटरभर घालतो मी.” एवढं सरळ बोलणारा विक्रेता मला तोवर भेटला नव्हता. मामांनी इंजिन चालू ठेवून ऑइलचं झाकण काढलं. भोकातून फुसफुस धूर वर आला. “बॅक कॉम्प्रेशन मारतंय. रिंगा गेल्यात.” ॲक्सिलरेटर दाबला की सायलेन्सरमधून निळसर धूर. पण झाकणाच्या आतल्या बाजूला पांढरट साय नव्हती, म्हणजे ऑइलमध्ये पाणी जात नव्हतं. मॅटिंग उचललं, तर खाली कंपनीचा रंग शाबूत. पेडलच्या रबरावर रेघा होत्या, मीटर 58 हजार आणि स्टेपनीवर 1812.

मामांनी जुन्या बिलाच्या पाठीवर यादी केली. रिंगा, बेअरिंग, गॅस्केट, व्हॉल्व सील, मजुरी धरून 22 हजार. क्लच पाच. चार टायर बारा. टायमिंग बेल्ट आणि पेट्रोलचे रबरी पाइप तीन. पाइप कशाला, असं मी विचारलं. आता पंपावर मिळतं ते वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल, आणि हे पाइप त्याच्यासाठी बनलेले नव्हते. बेरीज 42 हजार. त्यात मी गुपचूप तिसरा हिस्सा आणखी वाढवला, कारण इंजिन उघडल्यावर यादी कमी झाल्याचं मी आजवर ऐकलेलं नाही. पोस्टमास्तरांची मागणी 48 होती. चहा झाल्यावर 40 वर आले.

कागदांचा हिशोब वेगळा. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. पुढं पाच वर्षांसाठी ती वाढवायची तर आरटीओत तपासणी, पर्यावरण कर आणि 2022 पासून मोटारीला 5,000 रुपये फी. माझ्यावर ती वेळ 2027 मध्ये येईल. थर्ड पार्टी विमा हजार सीसीपर्यंत 2,094 रुपये अधिक कर. पोस्टमास्तरांची अट एकच होती, मालकी बदलाच्या (टीटी) फॉर्मवर सह्या झाल्याशिवाय किल्ली मिळणार नाही. मला ते आवडलं. “आधी वापरा, नावावर नंतर करू” म्हणणारे बरेच भेटतात. अपघात झाला तर भरपाईपुरता मालक तोच, ज्याचं नाव नोंदणीवर आहे, हे सर्वोच्च न्यायालयानं 2018 मध्ये स्पष्ट केलंय. मास्तरांना निकाल माहीत नसेल, पण आयुष्यभर रजिस्टर पत्रं सांभाळलेला माणूस.

घरी मेहुण्यानं बेरीज पाहिली. “भावजी, लाखाच्या घरात गेलं की हे! एवढ्यात याच वयाची धडकी गाडी आली असती.” आली असती. पण तिचं इंजिन आतून कसंय हे मला विकणाऱ्याच्या तोंडून ऐकावं लागलं असतं. इथं प्रत्येक नवा सुटा भाग माझ्या डोळ्यांसमोर बसणार आहे. बायकोला ते पटलं नाही. आईला पटलं, पण तिला दवाखान्यात जायचंय, तेव्हा तिचं मत मी धरत नाही.

गेल्या सोमवारी आरटीओत फॉर्म दिले. बुधवारी इंजिन उघडलं, तर क्रँकवर रेघा निघाल्या, यादी चार हजारांनी वाढली. गाडी अजून उद्यमनगरातच आहे. ग्राइंडिंगला आमच्या पुढं दोन ट्रॅक्टर आहेत.