कुलूप शाबूत, दागिने गायब, क्लेम नामंजूर!

मंडळी, लग्नसराई आली की घरं कुलूपबंद होतात आणि चोऱ्या वाढतात. म्हणून आज हा विषय.

गावातले एक निवृत्त शिक्षक चार दिवस लग्नाला गेले. परत आले तर कुलूप जागच्या जागी, आतलं कपाट मात्र रिकामं. गुन्हा नोंदवला, पंचनामा झाला. चोर काही सापडला नाही. पोलिसांनी 'ए समरी' दिली, म्हणजे गुन्हा खरा पण आरोपी मिळाला नाही. मग विमा कंपनीचं पत्र आलं: जबरदस्तीने आत शिरल्याची खूण नाही, सबब क्लेम नामंजूर. सर आठ वर्षं न चुकता हप्ता भरत होते.

कंपनीने नियम मोडला का? नाही, आणि खरं दुखणं तिथेच आहे. बहुतेक पॉलिसींमध्ये 'बर्गलरी'ची व्याख्या छापलेली असते: आत शिरताना किंवा बाहेर पडताना बळाचा वापर झाला पाहिजे. कडी-कोयंडा तुटला, खिडकीचे गज वाकवले, तर भरपाई. किल्लीने दार उघडलं तर शून्य. सर्वोच्च न्यायालयाने २००४ साली हरचंद राय चंदनलाल खटल्यात ही व्याख्या मान्य केली. २०१६ मध्ये ओडिशातल्या एका कारखान्याच्या प्रकरणातही तेच सांगितलं. मात्र २००४ च्याच निकालात न्यायालयाने असंही म्हटलं होतं, की ही व्याख्या सामान्य माणसासाठी फार कडक आहे, कंपन्यांनी ती सुधारावी. त्याला वीस वर्षं उलटून गेली!

आता गंमत बघा. भारतीय न्याय संहितेचं कलम ३३० काढा. घरमालकाची हरवलेली किल्ली कुणाला सापडली आणि त्याने त्या किल्लीने दार उघडून गुन्ह्यासाठी घरात प्रवेश केला, तर ती घरफोडीच, असं उदाहरणच कायद्यात दिलंय. इंग्रजांच्या काळातल्या जुन्या दंड संहितेतही ते होतं. म्हणजे पोलिसांच्या लेखी सरांकडे घरफोडी झाली आणि विमा कंपनीच्या लेखी झालीच नाही.

कंपन्यांची बाजूही आहे. स्वतःच्याच किल्लीने दार उघडून दागिने लपवायचे आणि क्लेम करायचा, असे महाभाग असतात. पण त्यासाठी सर्व्हेअर आहे, पोलीस तपास आहे, सोनाराची बिलं आहेत. चार लबाडांसाठी सगळ्याच ग्राहकांना संशयाच्या पिंजऱ्यात का उभं करायचं? आणि अट ठेवायचीच असेल तर पॉलिसीच्या पहिल्या पानावर, मराठीत, ठळक अक्षरात छापा: 'किल्लीने उघडून झालेल्या चोरीची भरपाई मिळणार नाही.' मग बघू किती जण सही करतात. विमा नियामक आयआरडीएआयने हे सक्तीचं करायला हवं.

तोवर आपण काय करायचं?

एक, पॉलिसी आजच काढून बघा. फक्त 'बर्गलरी' लिहिलंय की साध्या चोरीचंही संरक्षण आहे? नसेल तर जादा हप्ता भरून ते मिळतं का, हे एजंटला लेखी विचारा.

दोन, अनेकांकडे गृहकर्जासोबत घेतलेली 'भारत गृह रक्षा' पॉलिसी असते. १ एप्रिल २०२१ पासून आलेली ही पॉलिसी मुळात आग, पूर, भूकंप अशा संकटांसाठी आहे. अशा दुर्घटनेनंतर सात दिवसांत त्यामुळे झालेली चोरी तिच्यात धरतात, एरवीची घरफोडी नाही. त्या भरवशावर राहू नका.

तीन, चोरी झालीच तर काही हलवू नका. पंचनाम्यात कुलपावरचे ओरखडे, बिजागरी, खिडकी, गच्चीचं दार, सगळं नोंदवून घ्या. जे आहे तेच लिहायला सांगा, पण काही सुटू देऊ नका.

चार, क्लेम नाकारला तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार करा. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे जा. मुंबई, पुण्यात कार्यालयं आहेत, फी नाही, वकील लागत नाही.

आणि हो, किल्ली तुळशीच्या कुंडीत नि मीटरच्या पेटीवर ठेवणं आता तरी सोडा. ती जागा सगळ्या गावाला माहीत असते.

तुमच्या बाबतीत असं घडलंय का? कमेंटमध्ये लिहा. विषय सोडणार नाही.