हे घडलेच नसते तर?



दिवाळीला वहीपूजन आटोपले की वलगावातील आपल्या दुकानांतून सरत्या वर्षाची उजळणी सुरू होते. ‘चार दिवस थांबलो असतो, तर तुरीत दोन पैसे अधिक सुटले असते,’ ही हळहळ दरवर्षीच कानी पडते. निसटलेल्या लाभाची कल्पना आपण सहज करतो. हाती आलेला लाभ आलाच नसता तर, असे मात्र क्वचितच मनात येते.

आपल्या वऱ्हाडवासाचेच पाहा. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चालले. तेथील कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला आणि वऱ्हाडच्या कापसाला भाव आला. १८६७ साली मुंबईचा लोहमार्ग बडनेऱ्यावरून नागपुरास पोहोचला. त्या काळाच्या आगेमागे मारवाडातून अनेक व्यापारी कुटुंबे येथे स्थिरावली. त्या पूर्वजांनी ऐनवेळी पाऊल मागे घेतले असते, तर पेढी नदीकाठचे हे गाव, हे दुकान, हे शेजारी आपल्या वाट्याला आलेच नसते.

मिनक्युंग कू, टिमोथी विल्सन, डॅनियल गिल्बर्ट आदी मानसशास्त्रज्ञांनी २००८ साली याच विषयावरील प्रयोग प्रसिद्ध केले. काहींना आपल्या जोडीदाराची भेट कशी झाली, हे लिहावयास सांगितले. काहींना ती कशी झाली नसती, हे. दुसऱ्या गटाला आपल्या सहजीवनाविषयी अधिक समाधान वाटले. लोकांचा अंदाज मात्र याच्या उलट होता. सवयीने सुखाचे नवल विरते. ‘हे नसतेच तर’ या विचाराने ते परत येते.

आपल्याला ही वाट अनोळखी नाही. तत्त्वार्थसूत्राच्या नवव्या अध्यायातील बारा अनुप्रेक्षांमध्ये बोधिदुर्लभ भावना आहे. मनुष्यजन्म किती दुर्मिळ, हे सांगताना जुवाचा दृष्टांत देतात: समुद्राच्या एका टोकाला जू, दुसऱ्या टोकाला शिवळ, लाटांवर तरंगत ती शिवळ आपसूक जुवाच्या छिद्रात बसणे जितके अवघड, तितकाच हा जन्म अवघड.

येथे एक सावधगिरी हवी. ‘हे माझ्यापासून हिरावले जाईल’ या धास्तीत गुंतणे म्हणजे इष्टवियोगाचे आर्तध्यान. त्याने कर्मबंध वाढतो. भावनेत भय नसते. तेथे दृष्टी पुढच्या हानीवर नसून मागच्या योगावर असते, आणि ‘हे माझ्या कर्तबगारीनेच मिळाले’ हा अभिमानही तेथे गळून पडतो.

आज सायंकाळच्या प्रतिक्रमणानंतर घरातील सर्वांनी क्षणभर बसावे. प्रत्येकाने आयुष्यातील एकच चांगली गोष्ट निवडावी आणि ती कोणकोणत्या कारणांनी घडली नसती, हे सांगावे. त्या कारणांत एखाद्या माणसाचे नाव निघाले, तर उद्या त्याला भेटून दोन शब्द बोलावेत. वहीत न मांडलेले हे देणे तेवढ्याने फिटणार नाही; पण त्याची नोंद तरी होईल.