कपाटातली पिशवी



गेल्या दशलक्षण पर्वात उत्तम आकिंचन्याच्या दिवशी माताजींनी आम्हा बायकांना परिग्रह परिमाणाचा नियम घ्यायला सांगितला. त्या म्हणाल्या, "घरी जाऊन कागदावर लिहा. जमीन, घर, सोनं-चांदी, रोख, ठेवी, कपडे, भांडी. आज किती आहे आणि यापुढे किती पुरे."

सामायिक झाल्यावर लिहायला बसले. साड्या मोजल्या, भांडी मोजली. सोनं आठवून आठवून तोळ्यांत लिहिलं. ठेवींपाशी आले आणि पेन थांबलं. मला माहीतच नव्हतं! लग्नाला सत्तावीस वर्षं झाली, चार ठिकाणी माझ्या सह्या आहेत, पण कुठे किती आहे हे सांगता येईना.

खरं सांगायचं तर माहीत करून घ्यायचंच नव्हतं. बँकेची, विम्याची पाकिटं आली की मी ती न फोडता कपाटातल्या एका कापडी पिशवीत टाकायची. पिशवी दिसली की छातीत धस्स व्हायचं, म्हणून तिच्यावर शाल ठेवलेली.

बरं, ठेच लागली नव्हती असंही नाही. दोन वर्षांपूर्वी आमच्या ह्यांना अचानक दवाखान्यात दाखल करावं लागलं. काउंटरवर विचारलं, "मेडिक्लेम आहे का? कार्ड?" आहे एवढं ठाऊक होतं. कुठल्या कंपनीचा, कागद कुठे, काही नाही. हे आत, अतिदक्षता विभागात. शेवटी माझ्या दादाने रात्री साडेअकराला ऐंशी हजार आणून भरले. हे बरे होऊन घरी आले आणि मी पुन्हा पिशवीवर शाल टाकली. सवय अशी असते.

आपल्यात "मला बाई त्यातलं काही कळत नाही" हे वाक्य जरा कौतुकानेच बोललं जातं. जणू पैशाकडे न पाहणारी बाई जास्त निर्मोही! मला हे आता पटत नाही. न पाहणं म्हणजे त्याग नव्हे. तो प्रमाद आहे. किती आहे हेच ठाऊक नसेल तर मर्यादा कशाची घालणार? मर्यादा ओलांडली तर अतिचार लागतो, पण तो लागला हे तरी कसं कळणार?

आणि कळत नाही हेही खोटंच. महिला मंडळाचा हिशेब आपण पैशापैशाने जुळवतो. भिशीत कोणाचा नंबर कधी, तोंडपाठ असतं. अभिषेकाच्या सवालाचे कोणाचे किती बाकी, तेसुद्धा! (ते जरा जास्तच.) पाणी गाळल्याशिवाय वापरत नाही, डाळ निवडल्याशिवाय शिजवत नाही. कागद तेवढे न निवडता ठेवतो.

तर अनंत चतुर्दशी झाल्यावरच्या रविवारी पिशवी पलंगावर ओतली. पहिल्या दिवशी फक्त पाकिटं फोडली आणि ज्याच्या त्याच्या ढिगात लावली. वाचलं काहीच नाही. तेवढ्यानेही हात थरथरत होते. पुढच्या रविवारी वाचायला घेतलं. एका विमा पॉलिसीचे दोन हप्ते चुकलेले निघाले. व्याज भरून ती पुन्हा चालू करता आली. लॉकरचं भाडं थकलेलं. आणि माझ्या नावावरच्या सर्वांत मोठ्या ठेवीला नॉमिनी म्हणून मामंजींचं नाव. त्यांना जाऊन नऊ वर्षं झाली.

नॉमिनीबद्दल एक गोष्ट मला या निमित्ताने कळली. बँकेतल्या पैशाचा नॉमिनी हा मालक होत नाही. बँक रक्कम त्याच्या हाती देते, पण ती वारसांच्या वतीने सांभाळायला. म्हणजे कोणाला काय मिळावं हे ठरवायचं तर मृत्युपत्र वेगळं करावं लागतं. १ नोव्हेंबर २०२५ पासून एका खात्याला चार जणांपर्यंत नावं लावता येतात, तेव्हा दोन्ही मुलांची नावं लावली. दुसरं असं की दहा वर्षं कोणी न विचारलेली ठेव रिझर्व्ह बँकेच्या निधीत जाते. ती बुडत नाही, वारसांना मागता येते. पण आहे हेच माहीत नसेल तर मागणार कोण? अशा ठेवी शोधायला रिझर्व्ह बँकेने २०२३ मध्ये 'उद्गम' नावाचं पोर्टल सुरू केलं आहे. माहेरच्या आजीच्या नावाने मी शोधून पाहिलं. काही निघालं नाही, पण आईने मात्र लगेच स्वतःचं पासबुक भरून आणलं.

आता रविवारी सूर्यास्ताआधी जेवणं उरकली की पाऊण तास मी आणि हे वही घेऊन बसतो. पहिल्यांदा ह्यांना वाटलं, माझा विश्वास उडाला की काय. मी म्हटलं, "विश्वास आहेच हो. पण त्या रात्री काउंटरवर उभी मी होते." त्यावर ते काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी दुकानातून येताना मेडिक्लेमच्या कार्डाच्या दोन झेरॉक्स घेऊन आले. एक देवघराच्या खणात आहे, एक माझ्या पर्समध्ये.

माताजींचा कागद अजून अर्धाच भरलाय. किती आहे ते लिहून झालं. किती पुरे, या रकान्यावर आमचं दोघांचं एकमत व्हायचंय. ह्यांचा आकडा माझ्यापेक्षा बराच मोठा आहे.