स्टिअरिंग किती हलकें असावें?

आमच्या परिचयाच्या एका घरीं मध्यंतरीं एक लहानसा वाद झाला. सूनबाई बाजारांतून गाडी घेऊन आल्या आणि स्टिअरिंग फार जड लागतें अशी तक्रार त्यांनीं केली. रोज गाडी चालविणारे त्यांचे सासरे हंसून म्हणाले, "गाडी उत्तम आहे, तुझ्याच हातांत जोर नाहीं." पुढें कारागिरानें पाहिलें तों स्टिअरिंगचें तेल गळून टाकीच्या तळाशीं गेलें होतें! जडपणा दररोज थोडाथोडा वाढत गेल्यामुळें संवयीच्या हातास तो कळला नाहीं. क्वचित् गाडी घेणाऱ्या हातास मात्र तत्काळ कळला.

अमेरिकन अभियंते फ्रान्सिस डेव्हिस यांनीं १९२६ च्या सुमारास सिद्ध केलेली ही योजना विक्रीच्या गाडींत आली ती १९५१ सालीं, क्रायस्लर इंपीरियलमध्यें. तींत इंजिनावर चालणारा पंप तेलाचा दाब पुरवितो; अलीकडील बहुतेक गाड्यांत तें काम विजेची मोटर करते. दोहोंचें तत्त्व सामान्यतः एकच. स्टिअरिंगच्या दांड्यास जोडून एक बारीक सळई असते. हाताच्या जोरानें तिला जसा पीळ पडेल तसें साहाय्य मिळतें.

म्हणून निरोगी स्टिअरिंग अगदींच वजनहीन नसतें. उभ्या गाडींत तें सहज फिरावें, वेगांत किंचित् घट्ट लागावें. डावीकडे व उजवीकडे सारखाच जोर पुरावा. वळण संपल्यावर पकड सैल करतांच तें आपण होऊन सरळ होऊं लागावें. तेलाच्या पद्धतींत अगदीं टोकापर्यंत वळविलें असतां थोडी गुणगुण होते, तो दोष नव्हे. मात्र तेथें दाबून धरूं नये, तेल तापतें. इतर वेळीं कण्हल्यासारखा आवाज आल्यास तेल पाहावें, किंचाळी आल्यास पट्टा पाहावा. विजेच्या पद्धतींत बिघाड झाल्यास समोर सूचनेचा दिवा लागतो. पुढच्या चाकांत हवा कमी असली तरीही जडपणा येतो. म्हणून पहिली तपासणी हवेची करावी.

साहाय्य एकाएकीं बंद पडलें तरी सर्वसाधारण गाडींत स्टिअरिंगचा चाकांशीं असलेला सांधा तुटत नाहीं. गाडी वळते, पण जोर पुष्कळ लागतो. अशा वेळीं स्टिअरिंग अडकलें असें समजून घाबरूं नये. दोन्ही हातांनीं तें घट्ट धरून वेग कमी करावा आणि गाडी कडेस घ्यावी. पेट्रोल वांचविण्याकरितां इंजिन बंद करून घाट उतरण्याची कित्येकांस संवय असते. ती प्राणावर बेतणारी आहे. इंजिनाबरोबर स्टिअरिंगचें बळ जातें, ब्रेकचेंही लवकरच संपतें, आणि किल्ली पुरती फिरविल्यास स्टिअरिंगला कुलूप बसण्याचीही भीति असते.

यंत्र बिघडूं लागलें म्हणजे प्रथम हातास सांगतें. मग तो हात घरांतील कोणाचाही असो. वर सांगितलेल्या घरीं आतां महिन्यांतून एकदां गाडी मुद्दाम सूनबाईंच्या स्वाधीन होते, आणि त्या परत आल्या कीं सासरे स्वतःच विचारतात, "काय, आज स्टिअरिंग कसें लागलें?"