सूत्र येतं, भिंत दिसत नाही

हात वर करा बरं! इंजिनियरिंगच्या चार वर्षांत ज्यांना निदान एक तरी लेक्चर मनापासून कळलं होतं, त्यांनीच फक्त. हं... वाटलंच होतं. बाकीच्यांनी काय केलं ते सांगायला नको. झेरॉक्सच्या दुकानातून सिनियर्सच्या नोट्स आणल्या, पीएलमध्ये रात्री जागवल्या, चहाचे ग्लास मोजले आणि फर्स्ट क्लास काढला. पुढे कॅम्पस, मग हिंजवडी, मग ईएमआय. आपल्याला ते विषय नक्की का कळले नव्हते, हा प्रश्न मागे राहिला तो राहिलाच.

तर बातमी अशी आहे मंडळी, की या प्रश्नावर पीएच.डी. करता येते. सीरियसली! इंजिनियर शिकतो कसा, कुठे अडकतो, त्याला कसं शिकवलं तर डोक्यात ट्यूब पेटते, याचा अभ्यास हा आता एक अख्खा विषय आहे. नाव, इंजिनियरिंग एज्युकेशन. अमेरिकेत परड्यू युनिव्हर्सिटीने २००४ मध्ये त्यासाठी स्वतंत्र विभाग काढला. मेकॅनिकल, सिव्हिल, इलेक्ट्रिकल आणि त्यांच्या शेजारी एज्युकेशन! आपल्या पवईच्या आयआयटीत २०१० मध्ये एज्युकेशनल टेक्नॉलॉजीची पीएच.डी. सुरू झाली.

मला हे सगळं कळलं ते मात्र पवईत नाही, करमाळ्यात.

करमाळा म्हणजे सोलापूर जिल्ह्याचं वरचं टोक. रेल्वेने गेलात तर जेऊरला उतरायचं आणि पुढे एस.टी. नाहीतर वडाप. उजनीचं बॅकवॉटर, ऊस, केळी आणि गावाबाहेर श्रीदेवीच्या माळावर कमलाभवानीचं देऊळ. माझं आजोळ. तिथली माझी मामेबहीण सिव्हिल इंजिनियर, एम.ई. केलेली, शेजारच्या तालुक्यातल्या एका खासगी कॉलेजात पाच वर्षं शिकवतेय. पगार कधी दहा तारखेला, कधी पुढच्या महिन्यात. आणि घरी रोजचा डायलॉग ठरलेला. मामा म्हणतात, “मास्तरीणच व्हायचं हुतं तर डी.एड. करायचं हुतंस की. इंजिनियरिंगला घातल्यालं पैसं तरी वाचलं असतं!”

ती हसते आणि जाते कॉलेजला. कारण तिला एका गोष्टीने झपाटलंय. रिटेनिंग वॉल. म्हणजे मातीचा रेटा अडवणारी भिंत. तिच्या वर्गातली पोरं रँकिनचं सूत्र झोपेत सांगतात. के-ए काढतात, त्रिकोण काढतात, दाब पायापासून एक-तृतीयांश उंचीवर लागतो म्हणतात, बारापैकी दहा मार्क घेतात. मग एकदा तिने त्यांना देवीच्या माळावरच्या ९६ पायऱ्यांच्या विहिरीचा फोटो दाखवला आणि साधा प्रश्न विचारला. इथली माती भिंतीला कुठे जास्त रेटतेय, वर की खाली? अख्खा वर्ग गप्प. ज्या पोरांनी पाच मिनिटांपूर्वी वहीत तो त्रिकोण काढला होता, खाली रुंद होत जाणारा, त्याच पोरांना भिंत बघून उत्तर देता येईना.

“ताई, सूत्र येतंय त्यांना. भिंतच दिसत नाही,” ती मला म्हणाली.

बॉस, हे वाक्य ऐकून मला माझं अख्खं इंजिनियरिंग आठवलं!

कुठलाही चांगला मास्तर इथपर्यंत पोचतो. आपल्या सगळ्यांच्या नशिबात असा एखादा सर किंवा मॅडम होतीच, जी पुस्तक बाजूला ठेवून खडूने काहीतरी भन्नाट काढायची. मामेबहिणीचं वेगळेपण पुढे आहे. तिने पोरांना आधी एकेकट्याला चित्र काढायला लावलं, मग शेजाऱ्याशी भांडायला लावलं आणि शेवटी सगळ्या वर्गात चर्चा घेतली. वर्ग एकदम जागा झाला. पण घरी आल्यावर तिच्या डोक्यात किडा वळवळायला लागला. वर्ग जागा झाला हे मला वाटलं, पण खरंच झाला का? किती जणांना कळलं? पुढच्या महिन्यात आठवेल का? ‘वाटलं’ आणि ‘मोजलं’ यांच्यामधलं जे अंतर आहे ना, ते पार करायची इच्छा झाली की मास्तराचा रिसर्चर होतो.

आणि गंमत म्हणजे तिने जे केलं त्याला नाव आहे. थिंक-पेअर-शेअर. पवईला हे पहिल्या वर्षाच्या प्रोग्रामिंगच्या भल्यामोठ्या वर्गात मोजून झालंय. सहना मूर्ती आणि श्रीधर अय्यर या प्राध्यापकांबरोबर त्यांच्या पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांनी १० आठवडे वर्गात बसून, अशा १३ अ‍ॅक्टिव्हिटीज चालू असताना पोरं नक्की काय करतात ते टिपलं. कोण लिहितोय, कोण शेजाऱ्याशी बोलतोय, कोण खिडकीबाहेर बघतोय, सगळं. निष्कर्ष, सरासरी ८३ टक्के मुलं पूर्ण किंवा बरीचशी कामात गुंतलेली होती. २०१३ मध्ये तो पेपर आला. आता तुम्ही विचाराल, ८३ टक्के म्हणजे काय ग्रेट? तर तुमच्या शेवटच्या टीम मीटिंगमध्ये किती टक्के लोक गुंतले होते, ते आठवा आणि मग बोला!

जगभरातले आकडेही तेच सांगतात. २०१४ मध्ये अमेरिकेत स्कॉट फ्रीमन आणि सहकाऱ्यांनी विज्ञान, इंजिनियरिंग आणि गणिताच्या वर्गांवर झालेले २२५ अभ्यास एकत्र केले. नुसतं लेक्चर ऐकणाऱ्या वर्गांत नापास होणारे सुमारे ३४ टक्के, मुलांना कामाला लावणाऱ्या वर्गांत सुमारे २२. आपल्या बॅकलॉगवाल्या मित्रांची नावं डोळ्यांसमोर आली की हे आकडे कोरडे वाटत नाहीत.

तर करायचं असेल तर जायचं कुठे? पवईचं सांगितलंच, आता तिथे सेंटर फॉर एज्युकेशनल टेक्नॉलॉजी आहे. मानखुर्दला होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे, १९७४ पासूनचं, टीआयएफआरचं. तिथे विज्ञान शिक्षणात पीएच.डी. होते आणि डिझाइन-टेक्नॉलॉजी कसं शिकलं जातं यावरही काम झालंय. हुबळीच्या केएलई टेक्नॉलॉजिकल युनिव्हर्सिटीत इंजिनियरिंग एज्युकेशन रिसर्चचं वेगळं केंद्र आहे. परदेशात परड्यू, व्हर्जिनिया टेक किंवा डेन्मार्कचं आल्बोर्ग, जिथे १९७४ पासून प्रोजेक्ट करत करतच इंजिनियर घडवतात. अमेरिकेत असिस्टंटशिप मिळाली तर साधारणपणे फी सुटते आणि वर स्टायपेंड मिळतो, पण त्या बदल्यात राबवूनही घेतात. फुकट काही नसतं.

आणि गरज? ती तर सॉलिड आहे. २०१४ मध्ये भारत वॉशिंग्टन अकॉर्डचा कायमचा सभासद झाला. म्हणजे आपल्याकडे मान्यता मिळालेल्या कोर्सची डिग्री बाहेरही धरली जावी म्हणून झालेला करार. तेव्हापासून मान्यतेसाठी धावणाऱ्या प्रत्येक कॉलेजात ‘सीओ-पीओ’ नावाचा एक्सेलचा महापूर आलाय. कोर्समधून काय यायला हवं, डिग्रीतून काय यायला हवं, त्यांचे धागे जुळवा आणि रकान्यात एक, दोन, तीन भरा. कल्पना मुळात चांगलीय. पण मुलाला खरंच काय आलं हे मोजायचं कसं, हे माहीत असलेली माणसं मोजकीच. बाकीचे रात्री बारापर्यंत रकाने भरतात. माझी बहीणही भरते. तिच्या मते त्या शीटमध्ये सगळं असतं, फक्त विद्यार्थी नसतो.

आता खरी गोम. एवढं सगळं आहे तर सगळे धावत का नाहीत?

कारण हा विषय दोन खुर्च्यांच्या मधे पडतो. बहीण आधी जवळपासच चौकशी करून आली. सिव्हिलवाले म्हणाले, हा तर शिक्षणशास्त्राचा विषय, आमचा गाइड काय करणार? शिक्षणशास्त्रवाले म्हणाले, तुमच्याकडे बी.एड., एम.एड. कुठंय? धड इकडे ना तिकडे. त्यातून एआयसीटीईचे नियम प्रमोशनसाठी ‘संबंधित विषयातली’ पीएच.डी. मागतात. मग सिव्हिलच्या मॅडमनी सिव्हिल कसं शिकावं यावर पीएच.डी. केली, तर ती संबंधित की असंबंधित? मला विचाराल तर याहून संबंधित काय असणार! पण सिलेक्शन कमिटी मला विचारत नाही. म्हणून ज्यांना हे करायचंय त्यांनी आपल्या कॉलेजला आणि युनिव्हर्सिटीला हा प्रश्न आधीच, लेखी विचारून घ्यावा. डॉक्टर होऊन आल्यावर नाही.

दुसरी अडचण कागदावर दिसत नाही, पण माझ्या मते तीच मोठी. एकटेपण! स्टाफरूममध्ये कुणाशी बोलणार? बाजूचा सर म्हणतो, “मॅडम, सिलॅबस संपवा, कशाला डोक्याला ताप?” या विषयात शिरणारे बहुतेक जण आधी इंजिनियर असतात. आयुष्यभर लोड आणि व्होल्टेज मोजलेलं. आता एकदम माणसाचं डोकं मोजायचं, इंटरव्ह्यू घ्यायचे, त्यातून अर्थ काढायचा. पहिलं वर्षभर आपण विज्ञान करतोय की गप्पा मारतोय, हेच कळत नाही. अशा वेळी शेजारी बसून ‘मलाही असंच झालं होतं’ म्हणणारं माणूस लागतं.

याचं महत्त्व करमाळ्यात मला मामांकडे बघून कळलं. मामांची केळी. कंदरच्या बाजूची केळी आखाती देशांत जातात हे तुम्ही ऐकलं असेल. मामांच्या मोबाइलवर केळीवाल्यांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे आणि तो चोवीस तास चालू. पानावर ठिपका दिसला, फोटो टाक. घडाचं वजन भरेना, विचार. व्यापाऱ्याने दर पाडला, लगेच सगळ्यांना खबर. मामा दहावी. पण आपल्या विषयातला ताजा फंडा त्यांना दहा मिनिटांत कळतो. आणि त्याच घरात, त्याच वायफायवर, एम.ई. झालेली मुलगी एका पेपरमधली आकडेमोड समजून घ्यायला तीन आठवडे एकटी झुंजत होती.

असे ग्रुप या विषयातही आहेत, पण शोधावे लागतात. आययूसीईई नावाची संस्था २००७ पासून भारतातल्या इंजिनियरिंग शिक्षकांना एकत्र आणते. तिची आयसीटीआयईई ही कॉन्फरन्स पहिल्यांदा २०१४ मध्ये हुबळीला भरली. पेपर छापायचा तर जर्नल ऑफ इंजिनियरिंग एज्युकेशन ट्रान्सफॉर्मेशन्स आहे आणि ते कुठून निघतं माहितेय? बोस्टन नाही, दिल्ली नाही. आपल्या सांगली जिल्ह्यातलं, वाळवा तालुक्यातलं राजारामनगर! तिथल्या राजारामबापू इन्स्टिट्यूटमधून. हे ऐकल्यावर बहिणीचा चेहरा बघण्यासारखा होता. इतके दिवस तिला वाटत होतं की हे सगळं विमानतळाच्या पलीकडे कुठेतरी चालतं.

तर ती गेली एका कॉन्फरन्सला. पोस्टर घेऊन, स्वतःच्या खर्चाने. पोस्टरवर तीच विहीर आणि पोरांनी काढलेली चुकीची चित्रं. पोस्टरपुढे दोन तास उभी होती आणि तिथे तिला तीन जण भेटले. एक मुंबईत पीएच.डी. करणारी, एक पॉलिटेक्निकचा लेक्चरर, एक आयटी कंपनीत फ्रेशर्सना ट्रेनिंग देणारा. (हो, तुमच्या एल अँड डी विभागातही हेच ज्ञान लागतं. नव्या पोरांना तीन महिने कसं शिकवायचं, हा तिथलाही रोजचा प्रश्न आहे.) आता दर शनिवारी रात्री नऊ वाजता चौघांचा व्हिडिओ कॉल असतो. आठवड्याला एक पेपर. एकाने समजावायचा, तिघांनी चिरफाड करायची. मुंबईवाली हिची मेथडॉलॉजी तपासते, ही तिला खऱ्या वर्गाची खबर देते. करमाळ्यात लाइट गेली की ही जिन्यात जाऊन मोबाइलच्या डेटावर बसते, पण कॉल चुकवत नाही.

हे ॲडमिशनच्या आधी झालं हे मला फार आवडलं. आपण उलटं करतो. आधी सीट, मग माणसं. पीएच.डी. ही चार-पाच वर्षांची गोष्ट आहे. सोबतीला कोण आहे हे बघून निघालेलं बरं.

यंदा तिने फॉर्म भरलाय. गेल्या महिन्यात मी गेले होते तेव्हा जेवताना मामांनी विषय काढलाच.

“तिकडं शिकायला गेली तर फी किती?”

“फी आहे मामा, पण फेलोशिप मिळाली तर महिन्याला पैसे मिळतात,” मी म्हणाले. “२०२३ पासून पहिली दोन वर्षं ३७ हजार, पुढे ४२ हजार.”

मामांनी भाकरीचा तुकडा मोडता मोडता थांबवला. लेकीकडे बघितलं.

“आन् आत्ता कालेजात किती मिळत्यात?”

तिने आकडा सांगितला. गेल्या दोन महिन्यांचे यायचेत, हेही सांगितलं.

“मग हितं काय करतीस?” मामा म्हणाले आणि वाटीत आमटी ओतून घेतली.