सोशिकपणाचे खापर

‘नवरा मारतो, तरी ती तिथेच का राहते?’ ग्वाल्हेरच्या लश्कर भागातली मराठी घरे असोत की मुरारमधल्या वस्त्या, या प्रश्नाची उत्तरे ठरलेली असतात. बायका मुळातच सोशिक, तिला आता सवय झाली, मनात आणले असते तर केव्हाच निघाली असती. या उत्तरांत मारणारा नजरेआड होतो आणि मार खाणारीच्या स्वभावाची चिरफाड सुरू होते. वस्तुतः तिला थांबवतो तो स्वभाव नव्हे. बाहेर पडण्याची सगळी किंमत तिला एकटीला मोजावी लागते, म्हणून ती थांबते.

सोशिकपणाच्या बाजूने एक पुरावा हमखास पुढे येतो. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (2019-21) सुमारे 45 टक्के स्त्रियांनी काही ना काही कारणाने नवऱ्याने बायकोला मारणे योग्य मानले. पण तसे मानणारे पुरुषही सुमारे 44 टक्के निघाले! तेव्हा हे मत बाईच्या रक्तातले नाही, समाजाने दोघांतही रुजवलेले आहे. त्याच पाहणीत शारीरिक वा लैंगिक हिंसा सोसलेल्या 77 टक्के जणींनी ना कुणाची मदत मागितली, ना कुणाला सांगितले. या मौनाला संमती समजणाऱ्यांनी अशा बाईचा हिशेब मांडून पाहावा. दागिने सासूच्या कपाटात, मुलांची फी नवऱ्याच्या खात्यातून, आणि माहेरी फोन केला तर धाकटीचे लग्न जमायचे आहे, ‘लेकरांकडे बघून दिवस काढ.’

‘कायदे आहेत ना?’ आहेत, आणि चांगले आहेत. सासरच्या छळाविरुद्धचे 1983चे 498-अ कलम आता भारतीय न्याय संहितेत आले आहे. 2005चा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा, घर तिच्या नावावर नसले तरी, तिला तिथे राहण्याचा हक्क देतो आणि पहिल्या सुनावणीपासून 60 दिवसांत अर्ज निकाली काढण्याचा प्रयत्न व्हावा असे सांगतो. ग्वाल्हेरात तर उच्च न्यायालयाचे खंडपीठच आहे. पण पहिल्या तारखेपर्यंत तिने झोपायचे कुठे? पोटगी लागेपर्यंत मुलांच्या ताटात वाढायचे काय? शिकलेल्या, कमावत्या बायकाही राहतात, हे खरेच. पगारातून घरभाडे निघते, पण मुले हिरावून घेण्याची धमकी टळत नाही. ती हातची सुटते आहे हे दिसताच नवऱ्याची हिंसा अनेकदा वाढते. राहिला खोट्या तक्रारींचा मुद्दा. त्यांची चौकशी जरूर व्हावी, आणि सरसकट अटकेला सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्येच लगाम घातला आहे. मात्र ज्या बायांनी तोंडच उघडले नाही, त्यांना गप्प ठेवायला ही सबब पुरत नाही.

म्हणून उपदेशाची दिशा बदलायला हवी. धीर धर, असे मुलीला सांगणाऱ्या माहेराने तिच्यासाठी एक खोली मोकळी ठेवावी. महिला हेल्पलाइनच्या 181 क्रमांकावर फोन करणाऱ्या बाईला त्याच रात्री निवारा मिळावा, अंतरिम पोटगीला तारखांवर तारखा पडू नयेत. आणि नातेवाइकांनी पहिला जाब विचारावा तो हात उगारणाऱ्याला. एवढे केल्यावरही एखादी राहिली, तर तो तिचा निर्णय म्हणता येईल. आज ती राहते त्याला निर्णय म्हणणे हा अन्याय आहे.