वेताळाचं गिऱ्हाईक म्हातारं होतंय

इंद्रजाल कॉमिक्सचे जुने अंक ज्यांच्या कपाटात जपून ठेवलेले आहेत त्यांना ‘विकायचे का?’ असं विचारून पाहा. उत्तर बहुधा ठरलेलं असतं: घाई काय आहे, भाव वाढतोच आहे. सोन्याच्या बाबतीत हे उत्तर चालून जाईल. कॉमिक्सच्या बाबतीत त्यात मोठी गफलत आहे. सोनं कुणालाही हवं असतं. इंद्रजालचा नायक वेताळ, म्हणजे इंग्रजीतला फँटम, मराठीतून मात्र ज्याने तो दहाव्या-बाराव्या वर्षी वाचला त्यालाच हवा असतो.

बेनेट, कोलमन कंपनीने, म्हणजे टाइम्स ऑफ इंडियाच्या मालकांनी, मार्च १९६४ मध्ये इंद्रजाल सुरू केलं. सुरुवातीचे ३२ अंक फक्त वेताळाचे होते. पुढे मॅन्ड्रेक आणि फ्लॅश गॉर्डन आले, १९७६ मध्ये आबिद सुरतींनी लिहिलेला आणि गोविंद ब्राह्मणियांनी चितारलेला बहादूर आला. मासिकाचं पाक्षिक झालं, पाक्षिकाचं साप्ताहिक झालं आणि १९९० मध्ये सगळं बंद पडलं. आता वयांचा हिशोब करा. पहिला अंक दहाव्या वर्षी हातात धरलेला मुलगा आज सत्तरी ओलांडून गेला आहे. शेवटचे अंक वाचलेला सर्वांत धाकटा वाचकही पंचेचाळिशीत आहे. त्याच्यानंतर कुणी नाही. १९९५ मध्ये जन्मलेल्या मुलीला डेंकालीचं जंगल, कवटीची गुहा आणि शत्रूच्या जबड्यावर उमटणारी अंगठी ठाऊक असेल, तर ती बाबांच्या तोंडून ऐकून. त्या ऐकीव प्रेमापोटी माणूस एखादा अंक घेईल, दोनशे अंक घेणार नाही.

गेल्या पंधरा-वीस वर्षांत भाव वर गेला तोही याच पिढीमुळे. नोकरी स्थिरावली, मुलं मार्गी लागली, हातात पैसा खेळू लागला, तेव्हा लहानपणी वाचनालयाला परत करावे लागलेले अंक लोकांनी विकत घ्यायला सुरुवात केली. मागणी खरी होती, पण ती एका वयाची होती. ते वय सरलं की हेच गिऱ्हाईक विक्रेत्यांच्या रांगेत येऊन उभं राहतं. कुणी मोठं घर सोडून लहान फ्लॅटमध्ये जातो, कुणी मुलाकडे अमेरिकेत, आणि काहींच्या बाबतीत कपाट दुसरंच कुणी रिकामं करतं. घेणारे कमी होत जाणं आणि विकणारे वाढत जाणं एकाच वेळी घडतं, म्हणून अशा बाजाराची उतरण चढणीपेक्षा वेगाने होते.

अमेरिकेत हे एकदा घडून गेलं आहे. रॉय रॉजर्स, जीन ऑट्री, हॉपअलाँग कॅसिडी हे पडद्यावरचे काउबॉय १९४० आणि ५०च्या दशकांत तिथल्या पोरांचे दैवत होते. त्यांच्या नावाची कॉमिक्स धडाक्याने खपली. ती पोरं मोठी झाल्यावर जुन्या अंकांना संग्राहकांचा चांगला बाजार होता. नंतर ती पिढी ओसरली आणि मागणीही ओसरली. आज त्यांतले बरेचसे अंक किरकोळ दरात पडून असतात. कागद तोच आहे, चित्रं तीच आहेत, उलट शिल्लक प्रती आणखी घटल्या आहेत. तरी भाव नाही, कारण त्या घोड्यावरच्या माणसाला ओळखणारं कुणी उरलेलं नाही.

यावर लगेच सुपरमॅनचं नाव पुढे येतं. १९३८ सालच्या ‘अ‍ॅक्शन कॉमिक्स’च्या पहिल्या अंकाची एक प्रत एप्रिल २०२४ मध्ये साठ लाख डॉलरांना गेली. मग १९३८ मध्ये तो वाचणारी पिढी कुठे आहे? नाहीच. पण सुपरमॅनची कॉमिक्स आजही निघतात, चित्रपट येतात, दर दहा वर्षांनी नवी मुलं त्याला नव्याने ओळखतात. त्याच्या जुन्या अंकाला गिऱ्हाईक पुरवण्याचं काम एक आख्खा उद्योग करतो. वेताळाच्या पाठीशी असं कुणी नाही. ली फॉकने १९३६ मध्ये त्याला जन्म दिला, म्हणजे तो सुपरमॅनपेक्षाही दोन वर्षांनी थोरला. १९९६ मध्ये त्याच्यावर हॉलिवूडने चित्रपट काढला आणि तो साफ पडला. उद्या एखाद्या वाहिनीने वेताळावर मालिका काढली तर सगळं बदलेल, हे मान्य. पण त्या आशेवर कपाट बंद ठेवायचं असेल तर तो जुगार आहे, एवढं तरी स्वतःशी कबूल करावं.

भाव म्हणजे काय, याबद्दलही संग्राहक स्वतःची फसवणूक करून घेतात. अमेरिकेत १९७० पासून ओव्हरस्ट्रीटची दरसूची निघते. सीजीसी ही कंपनी २००० पासून अंक तपासून, दहापैकी गुण देऊन, पारदर्शक कवचात बंद करून देते. लिलावात कुठली प्रत कितीला गेली याची जाहीर नोंद राहते. आपल्याकडे अशी सर्वमान्य दरसूची नाही आणि लिलावांचा नियमित सिलसिलाही नाही. असते ती ऑनलाइन लावलेली किंमत. कुणीतरी एका अंकाला पंचवीस हजार लावतो, ते पाहून बाकीचे आपापल्या गठ्ठ्याचा गुणाकार करतात. तो अंक तिथे दोन वर्षं तसाच पडून आहे, हे कुणी पाहत नाही. मागितलेला आकडा हा भाव नसतो. एखाद्याने प्रत्यक्षात मोजलेला आकडा कळला तर त्यावर विचार करावा, आणि तोही अंक कुठल्या अवस्थेतला होता ते विचारून.

दुर्मीळ म्हणजे महाग, हीसुद्धा अशीच समजूत. मराठी आवृत्तीच्या जुन्या प्रती इंग्रजीपेक्षा कमी सापडतात, असं संग्राहक अभिमानाने सांगतात. असेलही. पण इंग्रजी अंकाला कोलकात्यापासून कोचीपर्यंत आणि परदेशातही गिऱ्हाईक असतं. मराठी अंकाला मराठी वाचणाराच लागतो. दहा प्रती आणि बारा इच्छुक असतील तर भाव चढतो. चार प्रती आणि तीन इच्छुक असतील तर चौथी प्रत रद्दीच्या किमतीला येते, मग ती कितीही दुर्मीळ असो.

अमर चित्र कथेबद्दल थोडक्यात, कारण तिथे गोंधळ अधिक आहे. अनंत पै यांनी १९६७ मध्ये ही मालिका सुरू केली. त्यातली लोकप्रिय पुस्तकं आजतागायत पुन्हा पुन्हा छापली जात आहेत. त्यामुळे घरात ‘कृष्ण’ किंवा ‘शिवाजी’ आहे याला फारसा अर्थ नाही. कोणती छपाई, किती साली, मूळ किंमत काय छापली आहे, एवढ्यावरच सगळं ठरतं. नव्वद टक्के घरांतल्या अमर चित्र कथा वाचण्याच्या आहेत, विकण्याच्या नाहीत, असा माझा अंदाज आहे. त्या नातवंडांना द्याव्यात.

थांबण्याची आणखी एक किंमत असते आणि ती कपाटातच चुकती होत राहते. ही कॉमिक्स स्वस्त कागदावर छापलेली आहेत. त्या कागदातलं आम्ल त्याला आतून पिवळा आणि ठिसूळ करतं. मुंबईच्या, कोकणाच्या दमट हवेत पिना गंजतात आणि गंजाचा डाग मधल्या पानांत उतरतो. कसर लागते. सेलोटेपने चिकटवलेली पानं काही वर्षांत तपकिरी पडतात. त्यात आपल्याकडची एक खास सवय: वीस-पंचवीस अंक एकत्र घेऊन बाइंडिंग करायचं. बाइंडरने कडा कापल्या, पाठ शिवली, वर पुठ्ठा चढवला. वाचायला उत्तम सोय झाली आणि संग्राहकाच्या लेखी प्रत्येक अंकाचं मोल तिथेच कोसळलं. आता शिवण उसवून सुटे करायला जाल तर उरलंसुरलंही जाईल. तसे खंड असतील तर खंड म्हणूनच विकावेत.

कोरड्या हवेचं महत्त्व कळतं ते डेन्व्हरच्या एडगर चर्चच्या संग्रहावरून. १९३०च्या दशकाच्या अखेरीपासून त्यांनी जमवलेले सुमारे १८ ते २२ हजार अंक कोलोरॅडोच्या कोरड्या हवेत, गच्च रचून ठेवलेल्या थप्प्यांत जवळजवळ कोरे राहिले. १९७७ मध्ये ते चक रोझान्स्की या विक्रेत्याच्या हाती आले. आज त्या संग्रहातला अंक म्हटला की संग्राहक जास्त पैसे मोजतात. पण विकणाऱ्या कुटुंबाला त्यातलं किती मिळालं? त्यांना घर रिकामं करायचं होतं. जमवणाऱ्याऐवजी वारस विकतो तेव्हा सौदा असाच होतो: विकणाऱ्याला वस्तू कळत नाही, घाई असते, आणि समोरच्याला दोन्ही गोष्टी ठाऊक असतात.

लवकर विकूनही नुकसान होतं, हे झाकून ठेवण्यात अर्थ नाही. नट निकोलस केजने २००२ मध्ये आपला सुमारे चारशे अंकांचा संग्रह लिलावात काढला. सोळा लाख डॉलरांहून अधिक आले. पुढच्या वीस वर्षांत सुपरहिरोंच्या चित्रपटांची लाट आली आणि तसल्या अंकांच्या किमती कितीतरी पट झाल्या. पण ती लाट येईल अशी खात्री २००२ मध्ये कुणाकडे होती? आणि ज्यांनी खात्री बाळगली त्यांचंही उदाहरण शेजारीच आहे. १९९१ मध्ये ‘एक्स-मेन’च्या नव्या पहिल्या अंकाच्या ८१ लाखांहून अधिक प्रती उचलल्या गेल्या. पुढे सोनं होईल म्हणून लोकांनी पाच-पाच, दहा-दहा प्रती प्लॅस्टिकमध्ये घालून ठेवल्या. सगळ्यांनीच जपल्यामुळे तो अंक कधी दुर्मीळ झालाच नाही. डिसेंबर १९९६ मध्ये तर तो अंक काढणाऱ्या खुद्द मार्व्हल कंपनीनेच दिवाळखोरीचा अर्ज केला.

म्हणून शिखर गाठून विकण्याचा नाद सोडावा, असं माझं मत आहे. शिखर होऊन गेल्यावरच कळतं. त्याऐवजी पाहायचं ते गिऱ्हाईक: ते अजून कमावतं आहे का, त्याच्या घरात जागा आहे का, त्याची यादी अजून अपुरी आहे का? इंद्रजालच्या बाबतीत या प्रश्नांची उत्तरं आज ‘हो’ आहेत. दहा वर्षांनी ती ‘हो’ असतील असं मला वाटत नाही. साठीच्या पुढचा संग्राहक असेल आणि पैशाचा विचार त्याच्या मनात खरोखर असेल, तर त्याने येत्या तीन-चार वर्षांत बहुतांश संग्रह मोकळा करावा.

सगळा गठ्ठा एकदम उचलायला विक्रेता आनंदाने येईल, पण त्याला स्वतःचा नफा राखून भाव द्यावा लागतो, त्यामुळे आकडा ऐकून वाईट वाटेल. सुटे विकाल तर पैसे जास्त येतील, मात्र साठच्या दशकातले अंक लोक आधी उचलतील आणि मलई गेल्यावर ऐंशीच्या दशकातला ढीग तुमच्यापाशीच राहील. ज्याला सुरुवातीचे अंक हवेत त्याने सोबत नंतरचे पन्नासही घ्यावेत, अशी अट घालायला संकोच करू नये. ज्या वीस-तीस अंकांवर जीव आहे ते आधीच बाजूला काढावेत. तेच गेल्याची चुटपुट बाकी सगळ्या व्यवहाराची चव घालवते. ग्रंथालयाला देणगी द्यायची असेल तर आधी विचारावं. जागेअभावी अनेक ठिकाणी नकार मिळतो, आणि होकार मिळालाच तर ते अंक कुठल्या खोलीत ठेवणार तेही बघून यावं.

विकायचंच नसेल तर त्यालाही हरकत नाही. मग दर महिन्याला ऑनलाइन किमती पाहून मनातल्या मनात श्रीमंत होणं थांबवावं आणि एका वहीत यादी करावी: अंक क्रमांक, भाषा, साल, मुखपृष्ठ शाबूत आहे की नाही. खाली ज्यांना यातलं कळतं अशा दोन माणसांची नावं आणि फोन नंबर, म्हणजे मुलांना कुणाला विचारायचं ते समजेल. ती दोन्ही माणसं आपल्याच वयाची असतील तर तिसरं नाव शोधावं, चाळिशीतलं.